रिकाम्या स्टँडवरच्या माश्या

या, पुढं सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही या, देवाच्या दारात कुणी पाहुणा नसतो. टाळ घडीभर खाली ठेवा. आज तुम्हाला एका चोरीची गोष्ट सांगतो. सोन्याची नाही, नाण्याची नाही, उडणाऱ्या लक्ष्मीची चोरी. यात मी तुमच्यापासून काही झाकून ठेवणार नाही. जे ठमाबाईला दिसलं ते सगळं तुम्हालाही दिसेल. कान आणि डोळे जागे ठेवलेत, तर चोराचा हात माझ्या आधी तुम्हीच धराल.

१

महाळुंगे पडवळला हरिनाम सप्ताहाचा सहावा दिवस उजाडला होता. काकडा आटोपून ठमाबाई शेताकडे निघाली. माघातली थंडी, पायवाट दवानं भिजलेली. आदल्या रात्रीचं कीर्तन अजून तिच्या कानात होतं आणि ओठांवर नाम होतं. बांधाचं वळण घेतलं आणि नाम ओठांवरच थांबलं.

कांदा बियाण्याच्या प्लॉटच्या कडेला बारा लोखंडी स्टँड ओळीनं उभे होते. वर मधमाश्यांची एकही पेटी नव्हती.

स्टँडच्या पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्यानं भरलेल्या वाट्या ठेवलेल्या असतात. त्या जागच्या जागी होत्या. पाणीसुद्धा सांडलेलं नव्हतं. नेमक्या पेट्या उचललेल्या.

ठमाबाईनं रिकाम्या स्टँडवर हात फिरवला. रडली मात्र नाही. तिला आठवल्या त्या उंबरमाळच्या आठ बाया.

उंबरमाळ म्हणजे डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडची, जंगलातली महादेव कोळ्यांची वाडी. हिरडा गोळा करावा, भाताचा तुकडा लावावा, आणि सुगी सरली की नारायणगावला मजुरांच्या बाजारात जाऊन उभं राहावं. तिथं भल्या पहाटे रस्त्याकडेला रांग लागते. गाडीतून उतरलेला माणूस दंड बघतो, वय बघतो, बोट दाखवतो. ठमाबाईनं बारा वर्षं ते बोट पाहिलं होतं. मग तिनं आणि आठ जणींनी मधमाश्या पाळायचं शिकून घेतलं. झाडांच्या ढोलीतल्या सातेरी माश्या अलगद पेटीत आणल्या, पोळं न पिळता मध काढायला शिकल्या. उन्हाळ्यात जांभळाचा मध काढायचा, आणि थंडीत पेट्या खाली कांद्याच्या मुलखात आणायच्या. कारण कांद्याच्या गोंड्यावर माशी बसली नाही, तर गोंडा नुसता फुलतो, त्यात बी धरत नाही. शेतकऱ्याला माशी हवी आणि माशीला फूल हवं. गेली तीन वर्षं उंबरमाळची एकही बाई त्या रांगेत उभी राहिली नव्हती.

परवा संध्याकाळी या पेट्या खोडदला प्रतीक्षा नावाच्या शेतकरी पोरीच्या शेतात पोचायच्या होत्या. तिचे गोंडे उमलायला लागले होते आणि तिनं दुसरीकडून माश्या घेतल्या नव्हत्या. ठमाबाईनं शब्द दिला होता. पेट्या गेल्या म्हणजे शब्द गेला, आणि नऊ जणी परत त्या रस्त्याकडेला.

"मी त्या रांगंत उभी ऱ्हानार न्हाई," ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला फक्त गोंडे होते.

आणि ऊन अंगावर आलं, तशी रिकाम्या स्टँडवर एक माशी येऊन बसली. मग दुसरी. मग दहा-वीस.

२

"ठमाताई, काय झालं हे!"

शेताचा मालक सुदर्शन धावत आला. गावातलं मोठं घर, सप्ताहाचा मुख्य यजमान, कपाळाला ताजा बुक्का. त्याचे डोळे भरून आले होते. ठमाबाईला त्याच्याबद्दल माया होती. आल्या दिवसापासून तो तिला ताई म्हणायचा, तिला घरच्या पंगतीत बसवायचा. एरवी ती पेट्यांजवळ मोटारीच्या खोलीत झोपायची. काल त्यानंच आग्रह केला होता, थंडी लई हाय, कीर्तनाला या, रातीला मंडपामागं बायांत झोपा.

"पोलिसात जाऊ या, भाऊ."

"ताई, सप्ताहात पोलीस नको. देवाच्या कामाला गालबोट लागंल. मी हाय ना. फुडल्या वर्साला बारा नव्या पेट्या मी देतो, माझा शब्द."

"फुडल्या वर्साला? भाऊ, माशी काय दुकानात मिळती व्हय? आन् परवा खोडदचं काय?"

"खोडदला सांगा, दैवच फिरलं." त्यानं उसासा टाकला. "मी तरी सांगत व्हतो, ऱ्हाऊ द्या अजून पंधरा दिस हितंच. माझा खालचा तुकडा मागनं लावलाय, आत्ता कुठं उमलतोय. तुमी आयकलं न्हाई. हितं ऱ्हाणार म्हणल्यावर मी राखण बशिवली असती."

"शब्द दिला व्हता त्या पोरीला."

"खरंय. शब्द मोठा." त्यानं हात जोडले.

दुपारच्या भजनानंतर गोष्ट मंडपात पोचली आणि तिला पाय फुटले. माईक हातात घेतला तो संपतनं. हा संपत गावचा मधवाला. त्याच्याकडे परदेशी जातीच्या मोठ्या माश्यांच्या शंभरेक पेट्या, तोही शेतकऱ्यांना पेट्या लावून द्यायचा. उंबरमाळच्या बाया खाली यायला लागल्यापासून त्याची तीन गिऱ्हाइकं कमी झाली होती.

"मंडळी," संपत म्हणाला, "रात्री नऊच्या सुमारास वारूळवाडीच्या राकेशचा टेंपो रस्त्यानं गेला. पेट्या आणल्या कुणी? राकेशनं. नेल्या कुणी, ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं. आणि मालकीणबाई रात्री मंडपात! चोरी झाली का माल हलवला, देवालाच ठाऊक."

भोंग्यातून ते शब्द चारी वाड्यांवर गेले. बायांत कुजबुज झाली. ठमाबाईशेजारची एक जण पदर सावरून दूर सरकली.

ठमाबाई उभी राहिली. "संपतराव, माझ्या गळ्यात तुळशीची माळ हाय. चोर म्हनायचं आसंल तर नाव घ्या. आडून बोलू नका."

"नाव कुठं घेतलंय मी?"

"मंग घ्याल तवा मी हितंच आसंन. पेट्या घेतल्याबिगर हितनं हालत न्हाई."

३

पहिला संशय तिचाही संपतवरच होता. ती सरळ त्याच्या ओट्यावर गेली. तो मधयंत्र धूत होता.

"बघा घर," तो हसत म्हणाला. "चुलीत बी बघा. बाई, तुमच्या बारक्या सातेरीच्या पेट्या घेऊन मी करू काय? माझ्या मोठ्या माशीच्या चौकटी तुमच्या पेटीत बसत नाहीत. सोन्याच्या दुकानात कुणी लाकडं चोरतं का?"

"तुमचं गिऱ्हाईक गेलं, त्याचा राग."

"राग आहे! खोटं कशाला बोलू? देवानं तोंड दिलंय, मी वापरतो." मग त्याचा आवाज जरा उतरला. "पण एक सांगतो, फुकट. पेट्या उचलल्या आणि पाण्याच्या वाट्या तिथंच सोडल्या. मधपाळ असं करील? रात्रीतनं मुंग्या पेटी खाऊन टाकतील. आणि मी नेल्या असत्या, तर उजाडायच्या आत तीन तालुके पार केले असते."

हे उत्तर तिला आवडलं नाही, पण पटलं.

राकेश वेशीबाहेर टेंपोजवळ उभा होता. चार जणांनी गाडीला घेरलं होतं. वारूळवाडीच्या बौद्ध वस्तीतला हा गडी, बापानं हमाली केली, यानं गाडी घेतली. चेहरा तापलेला, आवाज शांत.

"तपासा गाडी," तो म्हणत होता. "पण मग गावातल्या सगळ्या गाड्या, सगळ्या ट्रॉल्या तपासा. माझीच का? माझं आडनाव बघून?"

ठमाबाई मध्ये जाऊन उभी राहिली. "मालकीन मी हाय. मी ह्याच्यावर आळ घेतला न्हाई. तुमी कोन?"

माणसं पांगली. राकेश टायरवर टेकला. "मावशी, काल मी फ्लॉवर घेऊन मार्केटला गेलतो. पावती हाय. पण पावती बघतो कोण?"

"मला नगं दावू. पेट्या सापडल्या की आपोआप दिसंल." ती थांबली. "तू येशील ना परवा, खोडदला न्यायला?"

"पेट्या नसताना?"

"येशील का न्हाई, तेवढं सांग."

राकेश पहिल्यांदा हसला. "येतो, मावशी."

संध्याकाळी सुदर्शननं तिला पुन्हा चहाला बोलावलं. चोरीच्या वेळी कोण कुठं होतं याचा विषय निघाला, तसा तो आपणहून म्हणाला, "माझी तर आठ ते दहा पहाऱ्याची पाळी व्हती. वीणा गळ्यात. सप्ताहात वीणा खाली ठेवत न्हाईत, तुमाला ठावं हाय. जागचं हालता येत न्हाई. न्हाईतर मी एक चक्कर शेताकडं टाकलीच असती."

ठमाबाईनं मान हलवली. पहाऱ्याचा वीणेकरी आत देवळात मूर्तीपुढं उभा असतो, मंडपात बसलेल्यांना नुसती वीणा ऐकू येते. पण ती कीर्तनाची वेडी होती, आणि तिच्या कानात कालचं कीर्तन जसंच्या तसं होतं. अभंग द्रुत लयीत चढला तेव्हा टाळ पुढं आणि वीणा मागं, असं झालं होतं. तार थरथरत होती, अर्धी मात्रा सांडत होती. एरवी सुदर्शनचं बोट तारेवर कसं ठाम पडायचं, ते तिनं आधीचे चार दिवस भोंग्यातून ऐकलं होतं.

थंडीनं गारठली असतील बोटं, असं तिनं मनाला सांगितलं. मन मात्र मानेना.

४

सातव्या दिवशी सकाळी ती पुन्हा रिकाम्या स्टँडांपाशी गेली.

स्टँडांखाली, वाट्यांच्या कडेनं, मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. काल आलेल्या, घर शोधत तिथंच बसून राहिलेल्या, रात्रीच्या गारठ्यानं मेलेल्या. तिनं एक उचलून तळव्यावर घेतली. "काय गं बाये, वाट बघत बसलीस," ती पुटपुटली.

ऊन वर आलं. आणि स्टँडवर माश्या उतरू लागल्या. जिवंत, तरतरीत. दहा, वीस, पन्नास.

इथं, मंडळी, तुम्हीही जरा थांबा आणि तिच्याबरोबर विचार करा.

परवा दिवेलागणीला ती कीर्तनाला निघाली, तेव्हा प्रत्येक पेटीच्या दाराला तिनं कान लावला होता. सगळ्या माश्या आत होत्या. बाहेर राहिलेल्या असतीलच, तर त्या पहिल्याच रात्री थंडीनं गेल्या असत्या. काल आलेल्या, त्या रात्री मेल्या. मग या आज आलेल्या ताज्या माश्या कुठल्या? रात्र त्यांनी उबेत काढलेली आहे. म्हणजे घरात. म्हणजे पेटीत.

तिच्या चुलत सासऱ्यांनी, चिमाजींनी, तिला लहान पोरीला शिकवावं तसं शिकवलं होतं. चिमाजी कड्यावरचा मध काढणारे. ते म्हणायचे, पोरी, माशी आपल्या घराला वळखत न्हाई, घराच्या जाग्याला वळखती. पेटी लांब, दोन कोसापार न्हेली, तर सारं नवं दिसतं आन् ती नवा जागा मनात धरती. पर पेटी जवळच सरकवली, तर दुसऱ्या दिवशी चरून आली की सवयीनं जुन्याच जाग्यावर येती आन् येडी व्हती.

पेट्या मुंबईला गेल्या नव्हत्या. तालुक्याबाहेरही नव्हत्या. हाकेच्या अंतरावर होत्या.

आणि नेणाऱ्याला हे साधं माहीत नव्हतं. म्हणजे तो संपत नव्हे.

दुपारच्या पंगतीत ती वाढायला उभी राहिली. सुदर्शनची बायको अश्विनी कुणावर तरी वैतागली होती.

"काय झालं, वैनी?"

"अहो ताई, माहेरच्यांनी लग्नात दिलेली कडेची ताटं, पंचवीस व्हती. पाहुण्यांसाठी कपाट उघडलं तर तेराच. सप्ताहाच्या भांड्यांत गेली म्हणावं, तर कपाटाला कुलूप. किल्ल्या दोनच. एक माझ्या कमरंला, एक ह्यांच्या खिशात. मला तर वेड लागायची पाळी आली."

ठमाबाईच्या हातातली पळी डाळीत तशीच राहिली.

५

ऊन कलतं झालं तशी ती ओच्यात मूठभर तांदळाचं पीठ बांधून वरच्या प्लॉटवर गेली. ठिबकच्या नळीची एक गळती होती, तिथं चिखलावर सातेरी माश्या पाणी प्यायला बसायच्या. तिनं बोटानं चिमूटभर पीठ एका माशीच्या पाठीवर सोडलं. माशी उठली, दोन फेरे घेतले, आणि सरळ रेघ मारून चिंचांच्या रांगेवरून ओढ्याच्या दिशेनं गेली.

ठमाबाईनं जपमाळ काढली.

चिमाजी अशा वेळी विडी पेटवायचे. पिठाची माशी पाणी घरी टाकून परत येईपर्यंत विडी किती जळली, त्यावरून मोहोळ किती लांब ते सांगायचे. ठमाबाई विडी ओढत नव्हती. ती एकेक मणी सरकवत राहिली. शंभराव्या नामाला पांढऱ्या पाठीची तीच माशी चिखलावर परत उतरली.

एक माळही पुरी झाली नव्हती.

ती उठली आणि चिंचांच्या दिशेनं चालू लागली. ओढ्याच्या अलीकडे माणसापेक्षा उंच ऊस होता. उसाच्या पोटातून पाण्याचा पाट गेला होता. पाटातून वाकून चालत ती आत गेली. ऊस संपला आणि पुढं उघडा तुकडा दिसला. कांदा बियाण्याचाच. गोंडे नुकतेच उमललेले. चारी बाजूंनी ऊस, रस्त्यावरून कुणाला दिसायची सोय नाही.

आणि कडेनं विटांवर ठेवलेल्या बारा पेट्या. गुणगुणत असलेल्या.

तिनं पहिल्या पेटीवर कपाळ टेकवलं. मग तिची नजर खाली गेली. मुंग्यांनी पहिल्याच दिवशी हैराण केलं असणार. नेणाऱ्यानं प्रत्येक पेटीखालच्या विटा एकेका ताटात ठेवल्या होत्या आणि ताटांत पाणी ओतलं होतं. स्टीलची, कडेची ताटं. तिनं एका ताटातलं पाणी हातानं सारलं. कडेवर कोरलेली अक्षरं होती. तिला तीन इयत्तांपुरतं वाचता येत होतं, आणि एवढं वाचायला तीन इयत्ता पुरेशा होत्या.

"चि. सौ. कां. अश्विनी हिस, शुभविवाहानिमित्त."

ती तिथंच, ओल्या मातीत बसली. ताई म्हणायचा तो. घरच्या पंगतीत बसवायचा.

पेट्या लगेच उचलता आल्या असत्या. पण मग काय म्हणाले असते? कुणी तरी चोरून आमच्या उसात आणून टाकल्या. राकेशवरचा आळ तसाच राहिला असता आणि उंबरमाळवरचाही. आळ भोंग्यातून गेला होता. तो पेट्यांबरोबर गुपचूप टेंपोत चढणार नव्हता.

तिनं राकेशला फोन लावला. "सकाळपोत्तर ओढ्याकडच्या उसाच्या बांधावर बसशील? कुनी पेटीला हात लावला तर हाळी दे. भांडू नगंस."

"मावशी, कुणाचं शेत हाय?"

"उद्या काल्याच्या कीर्तनात सांगते. साऱ्यांसंगं आयक."

६

आठव्या, काल्याच्या दिवशी मंडप गच्च भरला होता. दह्याची हंडी वर बांधलेली. बाहेरगावचे बुवा कीर्तनाला उभे होते, आवाज असा की मंडपाचे खांबही डोलावेत. पुढं सुदर्शन बसला होता. वीणा होती दादाभाऊंच्या गळ्यात. दादाभाऊ म्हणजे सुदर्शनचे चुलते, सत्तरी पार केलेले, बिनलग्नाचे, पुतण्याच्या घरात राहणारे. त्यांच्या हातांना कंप होता.

ठमाबाई बायांच्या बाजूनं उठली आणि हातात एक ताट घेऊन मधल्या वाटेनं चालत बुवांपुढं आली. टाळ एकेक करत थांबले.

"महाराज, देवाच्या दारात मला चोर म्हनलं. देवाच्या दारातच मला बोलू द्या."

कुणी तरी ओरडलं, "बाई, बसा खाली! काला चाललाय!"

बुवांनी हात वर केला. "काला म्हणजे साऱ्यांचे घास एका पानात. त्यात कुणाचा हिरावलेला घास असेल, तर तो आधी काढला पाहिजे. बोला, माउली." आणि त्यांनी माईक तिच्यासमोर धरला.

ठमाबाई माईकशी वाकली.

"पेट्या सापडल्या. बाराच्या बारा. ओढ्याकडच्या उसात, खालच्या कांद्यात. हाकंच्या अंतरावर. आता तुमीच इचार करा. राकेशच्या टेंपोत चढल्या आसत्या तर हाकंच्या अंतरावर कशाला उतरल्या आसत्या? संपतरावांनी न्हेल्या आसत्या, तर त्यांना ठावं हाय, जवळ ठेवली पेटी तर माशी जुन्या जाग्यावर येऊन चुगली करती. माझ्या माश्यांनी चुगली केली. दोन दिस रिकाम्या स्टँडवर येऊन त्या सांगत व्हत्या, घर जवळच हाय, जवळच हाय. ज्यानं न्हेल्या त्याला माशीतलं कळत न्हाई. त्याला फकस्त फुलातलं कळतं. ज्याचा खालचा तुकडा मागनं उमलतोय, त्यानं न्हेल्या."

सगळ्यांच्या माना सुदर्शनकडे वळल्या. तो उभा राहिला, पांढराफटक.

"ताई, माझ्या उसात कुणी आणून टाकल्या तर माझा काय दोष?"

"खाली विटा व्हत्या. विटांखाली ही ताटं." तिनं ताट वर धरलं. "बारा. वैनी, वळखा."

बायांतून अश्विनी पुढं आली. तिनं ताट हातात घेतलं, कडेवरून बोट फिरवलं. नवऱ्याकडे बघितलं. कमरेची किल्ली काढून तिनं मुठीत घट्ट धरली. ते सगळ्यांनी पाहिलं.

"चोरांनी ताटं बी नेली असतील!" सुदर्शन ओरडला. "कुलपाला काय, हजार किल्ल्या. मी तर आठ ते दहा आत, देवापुढं, वीणा घेऊन उभा व्हतो. साऱ्या गावानं वीणा आयकलीय. विचारा, माझ्या चुलत्याला विचारा!"



ठमाबाई दादाभाऊंकडे वळली. त्या रात्रीची थरथरती तार कुणाच्या बोटाची होती, ते तिला आज त्यांचे हात बघून कळलं होतं. पण तिनं ते सांगितलं नाही. ती फक्त हात जोडून उभी राहिली.

दादाभाऊंनी पुतण्याकडे पाहिलं. मग समोरच्या मूर्तीकडे. हाताचा कंप तारेत उतरला होता, वीणा आपोआप वाजत होती.

"साडेआठला," ते म्हणाले, "सुदर्शननं वीणा माझ्या गळ्यात घातली. पोटात कळ आलीय म्हनला. दहा वाजता परत आला, पाया पडला, वीणा घेतली. त्याच्या पायांना वला चिखल व्हता." त्यांनी वीणा छातीशी धरली. "ही वीणा गळ्यात असताना मला खोटं बोलता येत न्हाई रे, पोरा."

सुदर्शन खाली बसला. तो खालच्या आवाजात बोलू लागला. "ट्रॉली घेऊन गेलतो. दारं कशी झाकायची, ते ह्यांचं बघितलं व्हतं. मी चोर न्हाई. पंधरा दिसांनी सापडल्या म्हणून परतच देणार व्हतो. काय बिघडलं आसतं? माश्या माझ्याच शेतात तर व्हत्या..."

"काय बिघडलं आसतं?" ठमाबाई म्हणाली. "भाऊ, माझं 'न्हाई' आयकून थांबला आसता, तर फुडल्या साली तुमचा खालचा तुकडा आधी धरला आसता. पर न्हाई म्हनल्यावर तुमी ईचारल्याबिगर न्हेल्या. आमच्या वाडीच्या बायांना बारा वर्सं कुनी ईचारलं न्हाई. बोट दावायचं आन् कामाला लावायचं. आता माश्यांना बी तसंच? आइका, ह्या भोंग्यात सांगते. उंबरमाळची बाई आन् उंबरमाळची माशी, दोघींना ईचारल्याबिगर आता कुनी कामाला जुंपायचं न्हाई. तुमच्या बारा नव्या पेट्या नगं मला. माईक घ्या, आन् राकेशचं नाव घेऊन सांगा, तो चोर न्हाई."

माईक आधी उचलला संपतनं. "राकेश, मी बोललो ते चुकलो," तो म्हणाला, आणि घाईनं खाली बसला. मग सुदर्शननंही म्हटलं. भोंग्यातून ते चारी वाड्यांवर गेलं. पोलीस पाटील आधीच उठून उसाकडे निघाले होते. पुढचं जे व्हायचं ते कायद्यानं झालं.

७

दिवेलागणीला माश्या घरात शिरल्यावर ठमाबाईनं बारा दारं गवतानं झाकली. एक पेटी तिनं आधीच, ऊन असताना, जुन्या स्टँडवर नेऊन ठेवली होती. त्या भटकलेल्या बिचाऱ्या त्यात शिरल्या. "चला गं, उशीर झाला," ती त्यांना म्हणाली. राकेशनं टेंपो सुरू केला. सकाळी खोडदच्या शेतात, दुर्बिणीच्या त्या मोठाल्या तबकड्यांच्या पलीकडे, प्रतीक्षानं स्वतः पहिलं दार उघडलं. माशी बाहेर आली, घुटमळली, आणि नव्या जागेला डोळ्यांत भरून घेत तिनं मोठा फेरा मारला.

पेट्या उंबरमाळच्याच राहिल्या. आता त्या तेवीस आहेत. ठमाबाईचं काय, तिचं नाव आता तालुक्याला ठाऊक आहे. तिला तुमच्या आठवणीची गरज नाही.

पण दादाभाऊ? त्या रात्री त्यांचं अंथरूण घराबाहेर आलं. सत्तरीतला माणूस देवळाच्या पडवीत राहायला गेला. भाऊबंद बोलेनासे झाले, म्हणाले, रक्ताला जागला नाही. अश्विनी मात्र रोज दोन्ही वेळेला डबा घेऊन भर चौकातून देवळात जाते. नवऱ्यानं अडवलं, सासरच्यांनी अडवलं, तरी ती जाते. आणि म्हातारा थरथरत्या हातानं पहिला घास देवापुढं ठेवून जेवतो. सुदर्शनचं बरं कर, एवढंच मागतो.

तेव्हा मंडळी, घरी जाल, आणि कधी आपल्याच घरातल्या माणसानं दुसऱ्याचा घास हिरावलेला दिसेल, जीभ टाळूला चिकटेल, तेव्हा त्या दादाभाऊंची आठवण करा. त्यांच्यासाठी हात जोडा. रोज नाही जमलं, तर आज एकदा तरी.